दादाची पसंती

बेकरीवाल्याने रेकॉर्ड बदलली, सुई टेकवली, आणि टेबलावरच्या फोनमधलं दादाचं बोट नव्या गाण्याला बरोबर ठेका देऊ लागलं. सगळ्यांत आधी ते पाहिलं भूगोलाच्या बाईंनी. "अहो, बघा बघा," त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, "दादांना हेही आवडलं!" बेकरीवाला पुढे वाकला, चष्मा कपाळावर चढवून त्याने नीट निरखलं आणि म्हणाला, नुसतं आवडलं नाही, बोट अगदी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतंय, याला म्हणतात कान. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की फोनमधला व्हिडिओ कालचा आहे, त्याचा आवाज बंद आहे, तो संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतोय, आणि काल दुपारी पलंगावर पडलेल्या माणसाला आज बेकरीच्या मागच्या खोलीत लावलेलं गाणं ऐकू येणं जरा कठीणच आहे. बाई हसत सुटल्या. बेकरीवाला तर टेबलावर थापा मारून इतका हसला की सुईने उडी मारली. "तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे बाबा," तो दादाच्या धाकट्या भावाला, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याला, म्हणाला, "न ऐकता दाद देतो!" चष्मेवालाही हसला. न हसण्यासारखं त्यात काय होतं? पण हसता हसता त्याचं पाऊल चुकल्यासारखं झालं. अंधाऱ्या जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आधीच जमीन लागावी, तसं. लागत काहीच नाही, माणूस पडतही नाही, पण सगळं अंग क्षणभर दचकून उभं राहतं. त्याने फोनकडे पाहिलं. चादरीवर दादाचा उजवा हात, त्याची तर्जनी, वर-खाली, वर-खाली. गाणं होतं गोदीवाले नावाच्या बँडचं. बाईंनी आजच कुठूनतरी मिळवून आणलेलं. दादाने ते जन्मात ऐकलेलं नव्हतं.

बेकरीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, त्या दुपारी ही मंडळी जमायची. मैद्याच्या पोत्यांची खोली, भट्टी बंद असली तरी भिंतीत मुरलेली ऊब, एक रेकॉर्ड-प्लेअर, तीन खुर्च्या आणि एक स्टूल. स्टूल दादाचं. त्यावर आता कुणी बसत नसे. स्का नावाचं संगीत ऐकणारी माणसं साऱ्या शहरात मिळून एवढीच असावीत, आणि असतील त्यातल्या निम्म्यांशी बेकरीवाल्याचं भांडण झालेलं. लोकांना हे संगीत म्हणजे काय ते सांगता सांगता यांची तोंडं दुखली होती. दादा मात्र एका वाक्यात सांगायचा. तो जागेवरच चालून दाखवायचा आणि म्हणायचा, "सगळ्या जगाचं गाणं पाऊल टेकतं तिथे वाजतं, आपलं पाऊल उचलतं तिथे वाजतं. बस, एवढंच." गिटारचा तो तुटक खणका ठोक्यावर कधीच येत नाही, ठोका होऊन गेल्यावर, पुढचा यायच्या आत, मधल्या रिकाम्या जागेत येतो, आणि म्हणूनच बसलेल्या माणसाचे गुडघे आपोआप वर यायला लागतात. दादा शाळेची बस चालवायचा. तरुणपणी त्याने सहा जणांचा बँड काढला होता, नाव 'लंगडी घोडी'. तो गिटारवर, बेकरीवाला ट्रॉम्बोनवर. घोडी काही फार धावली नाही. लोकांची लग्नं झाली, बदल्या झाल्या, एकाचे दात पडले त्याची ट्रम्पेट गेली, बेकरीवाल्याच्या छातीत पिठाची धूळ जाऊन बसली आणि त्याचा दम गेला. उरलं ते ऐकणं, आणि ऐकण्याहून जास्त, त्याबद्दल तावातावाने बोलणं.

परक्या बँडांची नावं जिभेला जड म्हणून दादाने त्यांचं बारसं करून टाकलं होतं. समुद्रापलीकडच्या एका बेटावर ज्यांनी पहिल्यांदा हे संगीत सुरू केलं ते म्हातारे. त्यानंतर काळे-पांढरे चौकोन आणि अरुंद टाय मिरवत आले ते टायवाले. आणखी पुढच्या पिढीत गिटारी तापवून पोटात आग लागल्यासारखे पळत सुटले ते धावरे. शिवाय एक हळूहळू वाजवणारं मंडळ होतं, ज्यांचा ट्रॉम्बोन आनंदाच्या गाण्यातही गळा काढायचा, त्यांचं नाव शोकसभा. बेकरीवाला म्हाताऱ्यांचा. त्याच्या मते म्हाताऱ्यांनंतर कुणी काही केलंच नाही, बाकीच्यांनी नुसते कपडे बदलले. बाई टायवाल्यांच्या. "म्हातारे गोड आहेत हो," त्या म्हणायच्या, "पण गोडच आहेत. राग कुठाय? माझ्या टायवाल्यांनी राग नाचायला लावला." यावर बेकरीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि पुढचा अर्धा तास रेकॉर्ड फिरत राहायची पण ऐकायची कुणी नाही. चष्मेवाला शोकसभेचा, आणि त्याबद्दल दोघेही त्याची कीव करायचे. आणि दादा धावऱ्यांचा. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना हळू हळू सांभाळून घरी पोचवणारा हा माणूस, आणि त्याला आवडायचे धावरे! बेकरीवाला कपाळावर हात मारायचा. "साखर खाल्लेली पोरं आहेत ती, जिन्यावरून एकमेकांना ढकलत खाली येतायत," तो म्हणायचा. दादा वाद घालत नसे. तो फक्त आवाज वाढवायचा, स्टुलावर बसल्या बसल्या त्याचा उजवा हात पोटापाशी वर-खाली व्हायला लागायचा, नसलेल्या गिटारीवर, आणि हात वर जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते बघायला बेकरीवालाही वाद सोडून वळायचा. लहानपणी चष्मेवाला त्याच्यासमोर फरशीवर बसून तो हात बघायचा. गाणं त्याला नंतर कळलं. आधी तो हात कळला.

तोच हात आता चादरीवर होता. मेंदूत रक्त सांडलं आणि दादा घरी आला तो असा, उघड्या डोळ्यांचा, नळीतून जेवणारा, हाक मारली तर कुठेच न बघणारा. डॉक्टरांनी काखा वर केल्या नव्हत्या, पण त्यांचे हात तिकडेच निघाले होते. वहिनीने पलंग हॉलमध्ये खिडकीशी घेतला. चष्मेवाला रोज दुकान बंद करून यायचा, बसायचा, काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून एकदा त्याने फोनवर टायवाले लावले. आणि दादाची तर्जनी हलली. वर-खाली. त्याने श्वास रोखून पाहिलं. ठोक्यावर नाही. ठोका होऊन गेल्यावर, पुढचा यायच्या आत. तो ओरडला काय, वहिनी पोळपाट... नाही, पोळपाट नव्हता, तिच्या हातात धुतलेली उशीची खोळ होती, ती तशीच ओली छातीशी धरून धावत आली. दोघं त्या बोटाकडे बघत राहिली, आणि खोळीचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहिलं. "ऐकतोय," चष्मेवाला म्हणाला. "वहिनी, दादा ऐकतोय." त्यानंतर तिने तो शब्द कधी सोडला नाही. मेंदूच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला तर ते म्हणाले, अशी हालचाल होत असते, त्यात फार अर्थ शोधू नका. आणि शिवाय, ते मान हलवत म्हणाले, बोट ठेक्यावर कुठे पडतंय? हे वाक्य बेकरीच्या खोलीत कित्येक आठवडे पुरलं. बेकरीवाला डॉक्टरांची नक्कल करायचा, बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. ठेक्यावर टाळ्या वाजवणारा माणूस तो, त्याला काय कळणार! ठेक्यावर पडत नाही, हाच तर पुरावा होता. आणि आता, गोदीवाल्यांची पहिली बाजू संपत आलेली असताना, चष्मेवाल्याच्या मनात आलं की दुसरं कुणीही असतं तर फसलं नसतं. आडगावचा कुणी, ज्याला स्का म्हणजे खायचं की प्यायचं ते माहीत नाही, त्याने नुसतं बघून सांगितलं असतं, गाणं वेगळं चाललंय, बोट वेगळं चाललंय. पण यांची सगळी हयात गेली ती ठोक्यावर न पडणाऱ्या गोष्टीला जीव लावण्यात. जे चुकतं ते यांच्या कानाला बरोबर.

आणि केवढ्या कौतुकाने फसत गेले होते ते! पुढच्याच आठवड्यात दादाची परीक्षा सुरू झाली, म्हणजे त्याला काय आवडतं त्याची. टायवाले लावले की बोट चपखल. म्हातारे लावले की थोडं मागे राहायचं, थोडं निसटायचं. बेकरीवाला छाती पुढे काढून म्हणायचा, म्हाताऱ्यांना असंच मागे रेलून वाजवायचं असतं, बघा कसा मुरलाय. शोकसभा लावली की बोट आपलं भराभरा पुढे; दादाला कंटाळा आला, लवकर आटपा म्हणतोय. आणि धावरे, त्याचे लाडके धावरे लावले, तर बोट त्यांच्या पासंगालाही पुरेना, आपलं आपल्या चालीने चाललेलं. मग बाईंनीच निवाडा केला, की दादांची आवड बदलली. माणूस मरणाच्या दारात जाऊन परत येतो, त्याची आवड बदलणारच. धावरे सुटले, टायवाले धरले. बाई आठवडाभर जिंकल्याच्या थाटात वावरल्या. बेकरीवाला कुरकुरला की आजारी माणसाचं मत धरू नये, पण पुढच्या खेपेला म्हाताऱ्यांची तीन-चार गाणी घेऊन स्वतः दादाच्या उशाशी जाऊन बसला. तेव्हापासून तो दर आठवड्याला जायचा. वहिनी सांगायची, दार लोटून घेऊन तो दादाशी तासभर बोलतो, आत काय बोलतो कोण जाणे, बाहेर येतो तेव्हा डोळे लाल असतात. आणि गाणं नसतानाही बोट हलायचं तेव्हा? तेव्हा ते म्हणायचे, दादा मनातल्या मनात गातोय. हो, हेही म्हणायचे. कुठूनही आत शिरा, ते त्याच खोलीत पोचायचे.

"तुझं लक्ष कुठाय?" बेकरीवाला विचारत होता. "बाई म्हणतायत गोदीवाले म्हणजे टायवाल्यांचे थोरले भाऊ. मी म्हणतो चुलत. तू सांग."

"मला काय वाटतं," चष्मेवाला म्हणाला, आणि थांबला. बोट टेबलावर चाललंच होतं. "ते ऐकतच नसलं तर?"

"कोण?"

"दादा. म्हणजे... हे बोट. ते नुसतंच हलत असलं तर. त्याच वेगाने. कायम. आणि ज्या गाण्याचा वेग तेवढाच, ते आपल्याला वाटतं त्याला आवडलं."

बाईंचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि हळूहळू निघून गेलं. त्या शिक्षिका होत्या, एखाद्या पोराने नकाशा उलटा धरलाय हे त्यांना वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. त्यांनी फोनकडे पाहिलं, रेकॉर्डकडे पाहिलं, आणि हात लांबवून फोन पालथा घातला. बेकरीवाला मात्र उठला. "गप रे," तो म्हणाला. मग परत, जरा मोठ्याने, "गप. उगीच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. मी त्याच्याशी बोलतो तेव्हा ते बोट कसं हलतं ते तू पाहिलंयस? माझ्या पोराचं सांगितलं त्याला, घर सोडून गेला ते, कुणाला नाही सांगितलं, त्याला सांगितलं. तेव्हा त्याचं बोट..." पुढे त्याला दम पुरला नाही. तो पोत्यांकडे तोंड करून खोकत राहिला, आणि मग रेकॉर्डींच्या खोक्यात हात घालून म्हणाला, "चल, तुझी शोकसभा लावतो. तू तरी खूश हो." त्याने लावलीही. पहिल्या ट्रॉम्बोनलाच चष्मेवाला फोन खिशात टाकून उठला. दुकान उघडायचंय, म्हणाला. आज त्याचंही दुकान बंद असतं हे त्या दोघांना ठाऊक होतं, पण कुणी अडवलं नाही.

दुकानात त्याची एक युक्ती होती आणि तिचा त्याला अभिमान होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, नाकावर ती लोखंडी चौकट चढते, समोर अक्षरं, आणि तो एकामागून एक काचा घालत विचारतो, ही बरी की ही? आता बरं दिसतं की आधी? लोक फार मनापासून उत्तर देतात. त्यांना वाटतं हीसुद्धा परीक्षा आहे आणि यात नापास होता कामा नये. म्हणून तो मधेच काच काढायचा आणि तीच काच पुन्हा घालायचा. तीच. आणि विचारायचा, आता? "आता एकदम छान!" लोक सांगायचे. शहाणीसुरती, चारचौघांत वजन असलेली माणसं सांगायची. तो मनाशी हसायचा, आणि या गिऱ्हाइकाच्या कोणत्या हो ला किती किंमत द्यायची ते ठरवायचा. माणसाला दिसत नाही असं नाही, माणसाला हो म्हणायचं असतं. एवढं ज्याला उभ्या आयुष्यात कळलं, त्याने दादाच्या उशाशी बसून तीच काच दुसऱ्यांदा घालून पाहिली नाही. एकदाही नाही. गाणं लावायचं आणि न लावता बसायचं, वेगळं लावायचं आणि बोट मोजायचं, केवढी सोपी गोष्ट. रस्त्यावरून चालताना त्याला आता त्याचंच नवल वाटत होतं, आणि नवलाखाली लाज होती, आणि लाजेच्याही खाली भीती. कारण प्रश्न नुसता गाण्याचा राहिला नव्हता. सकाळीच वहिनीने त्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं. मुलीचा, म्हणजे त्याच्या पुतणीचा, फोन येऊन गेला होता. तिकडे लांबच्या शहरात ती पलंगावर पडून होती, दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी उठायला मनाई केलेली, नवरा फिरतीच्या नोकरीवर. आई, ये गं, एवढंच म्हणते आणि रडते, वहिनी सांगत होती. जायचं तर दादाला कुठेतरी ठेवायला हवं. तशी एक जागा होती, शहराबाहेर, स्वच्छ, माणसं चांगली, ओळीने पलंग. "भावोजी, मला एक खरं सांगा," ती ओट्याला टेकून म्हणाली होती. "त्याला कळत नसेल, तर मी जाते. खोटं कशाला बोलू, जीव पोरीकडे ओढतोय. पण तो ऐकत असेल, तर त्याला त्या ओळीत टाकून मी कशी जाऊ? तुम्हालाच त्यातलं कळतं. तुम्ही म्हणाल ते." संध्याकाळी पुतणी पुन्हा फोन करणार होती. आणि चष्मेवाल्याने काय सांगितलं? त्याने आरामात चहा पीत सांगितलं, "ऐकतोय तो, वहिनी. कालचाच व्हिडिओ दाखवतो."

चौकात सिग्नल लागला. बाजूच्या दुकानाच्या पाटीतला एक दिवा खराब होता, तो लुकलुकत होता, आणि चष्मेवाल्याने खिशातून फोन काढला, कशासाठी काढतोय ते न ठरवता. दादाचं बोट त्या दिव्याबरोबर हललं, थोडा वेळ, मग निसटलं, मग पुन्हा सापडलं. पुढे एक जण फळीवर खिळा ठोकत होता. तिथेही जवळजवळ जमलं. एका बाईच्या सँडलची टाच, धुलाईच्या दुकानातल्या यंत्राचा गोल दरवाजा, उघड्या खिडकीत सुकत घातलेल्या शर्टाची बाही. सगळ्या शहराला दादा दाद देत होता. कुणाचंही मन मोडत नव्हता. चष्मेवाल्याला रडू यायला हवं होतं, पण त्याला आठवलं ते भलतंच. दादा बस चालवायचा तेव्हा सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवर बोटं आपटायचा, ठोक्याच्या मधे, आणि मागची पोरं आपली धडधडीत ठोक्यावर टाळ्या वाजवायची, आणि दोन्ही मिळून बस अशी काही वाजायची की बाजूच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघायची. एकदा चष्मेवाला पुढच्या सीटवर बसला होता, तेव्हा दादा आरशातून पोरांकडे बघत हळूच म्हणाला होता, "त्यांना चूक वाजवू दे. ते आहेत म्हणून माझं बरोबर येतंय. खाली कुणी ठोका धरला नाही, तर उचललेलं पाऊल काय हवेत ठेवू?" त्या वेळी तो हसला होता. सिग्नल सुटला, माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली, आणि कुणीतरी म्हणालं, अहो चला की.

घरी वहिनी मागच्या गच्चीवर कपडे काढत होती. हॉलमध्ये उन्हाचा पट्टा पलंगाच्या पायथ्याशी आला होता. दादाची दाढी आजच केलेली होती, हनुवटीशी एक केस राहून गेला होता. चष्मेवाल्याने खुर्ची ओढली, इयरफोनची गुंडाळी सोडवली, एक टोक दादाच्या कानात बसवलं, एक स्वतःच्या. आधी शोकसभा लावली. ट्रॉम्बोन हुंदका आवरत वर चढला, मधे भलीमोठी रिकामी जागा सोडून गिटार एकदा खणकली, आणि त्या रिकाम्या जागेत दादाचं बोट आपलं वर-खाली, वर-खाली करत राहिलं. मग म्हातारे. मग धावरे. धावरे कानात फुटले, ड्रम धडधडत जिन्यावरून कोसळले, एरवी या जागी दादाने मान मागे टाकून डोळे मिटले असते. बोट तेच. त्याच उंचीचं, त्याच वेगाचं, घाई नाही, उशीर नाही. मग त्याने पुन्हा टायवाले लावले. तीच काच, दुसऱ्यांदा. आणि बोट गाण्यात असं चपखल बसलं की सगळं कळत असूनही त्याचा ऊर भरून आला, एका क्षणापुरतं त्याला पुन्हा वाटलं की आहे, दादा आहे, ऐकतोय. मनाला साधी लाजही नसावी, असं वाटून त्याने गाणं बंद केलं.

खोलीत काहीच वाजेनासं झालं. कानातला इयरफोन काढायचं त्याला सुचलं नाही. गच्चीवरून चिमटे डब्यात पडल्याचे आवाज आले. बोट चालू होतं. मनातल्या मनातही तिथे कुणी गात नव्हतं. आत कुठेतरी एखादी तार तुटून एकसारखी थरथरत होती, एवढंच. आता वहिनीला सांगायचं. काय सांगायचं ते सोपं होतं: वहिनी, तुम्ही जा. पोरीला तुमची गरज आहे. तो ऐकत नाही. मी चुकलो, आम्ही सगळेच चुकलो, आम्हाला वाजत नाही तिथेही ऐकू येतं. एवढी चार वाक्यं. त्याने ती ओठांत जुळवून पाहिली. पण मग या पलंगावर कोण उरतं? तो सांगेल त्या क्षणी दादा दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला त्याला घालवणारा तोच असेल. आणि नाही सांगितलं तर ती पोर तिकडे एकटी, भिंतीकडे बघत. त्याने दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जणू दादाच सुचवेल काहीतरी, लहानपणी सुचवायचा तसं. दादा छताकडे बघत होता. नकळत चष्मेवाल्याची टाच जमिनीवर पडली. बोट वर गेलं. पुन्हा टाच, पुन्हा बोट. तो दादाच्या बोटाखाली ठोका धरत होता. त्या पोरांसारखा, चुकीच्या जागी, म्हणजे बरोबर. गाणं नव्हतं, आणि गाण्याला जे जे लागतं ते होतं.

"कुठलं लावलंय?"

वहिनी दारात होती, कपड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत. तिची नजर बोटावर होती, मग त्याच्या टाचेवर गेली, मग दोघांच्या कानांना जोडणाऱ्या वायरीवर. चष्मेवाल्याची टाच थांबली. ती चार वाक्यं घशापर्यंत आली. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही..." आणि त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "धावरे," तो म्हणाला. "धावरे लावलेत."

"धावरे?" तिने कपडे खुर्चीवर टाकले. "ते तर त्याला आवडेनासे झाले होते ना? तुमच्या बाई म्हणत होत्या."

"परत आवडायला लागलेत."

ती जवळ आली. पलंगाच्या कडेला टेकली, दादाच्या हनुवटीवरचा तो राहिलेला केस तिने अंगठ्याने चाचपला, आणि हात पुढे केला. "मला पण द्या. बघू तरी."

नाही म्हणायला कारण सुचलं असतं तर त्याने म्हटलं असतं. फोनची बॅटरी संपत आलीय, गाणं संपलंय, काहीही. पण तिचा हात तसाच पसरलेला होता, कपड्यांमुळे उन्हाचा वास येणारा, आणि त्याने कानातला मुका इयरफोन काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिने केस मागे सारून तो कानात घातला. चष्मेवाला तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा नाही, उलट. या खेपेला चौकट आपल्या नाकावर आहे आणि उत्तर आपल्याला द्यायचंय, तसा. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. तिने इयरफोन बोटाने जरा आत दाबला. त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली नेली नाही, नेता आली नाही. मग ती दादाच्या बोटाकडे बघायला लागली, पुष्कळ वेळ बघत राहिली, आणि हळूहळू तिची मान हलू लागली. बोटाबरोबर. वर-खाली.

"छान आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीचा होता, फक्त जरा जपून बोलल्यासारखा, झोपलेलं मूल असलेल्या खोलीत बोलतात तसा. "त्याला पहिल्यापासून हेच आवडायचं. तुम्ही सगळे उगाच म्हणत होतात, आवड बदलली. अशी बदलते का कुणाची?"

"वहिनी, ऐका ना," चष्मेवाला म्हणाला. "माझं जरा ऐका..."

आत फोन वाजला. पुतणीचा असणार, तिने ठरवून दिलेली हीच वेळ. वहिनी लगेच उठली नाही. दोनदा वाजू दिला. मग कानातला इयरफोन काढून तिने तो दोन बोटांनी हलकेच पुसला आणि त्याच्या हातात परत दिला.

"आलेच मी," ती म्हणाली. "तिला एवढं सांगून येते, की मला नाही गं जमणार. तुम्ही बंद करू नका हं."

ती आत गेली. हॅलो म्हटल्याचं ऐकू आलं, मग दार लोटल्याचं. चष्मेवाल्याने इयरफोन कानात घातला आणि टाच जमिनीला टेकवली.